वैशालीचं पॅनल

वैशाली,

तुझ्या शोकसभेत मी तुझंच लिहिलेलं झाकलं, आणि तुझ्या आईने विचारलं तेव्हा धडधडीत खोटं बोलले. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर मी तुझे गुण गात बसेन, चार ओळींनी डोळे पुसेन आणि मूळ गोष्ट तशीच गिळून टाकेन. तू असतीस तर म्हणाली असतीस, "मुद्द्यावर ये न वो सरिता." तर मुद्दा हा आहे. मला लाज वाटते. त्या दिवसापासून वाटते आहे आणि अजून ओसरलेली नाही.

ही लाज तशी माझ्या ओळखीची आहे, तुझ्याही. आठवतं ना, कॉलेजच्या कंप्युटर लॅबमध्ये मी शिकवायला आले तो पहिला दिवस? तू तिथे आधीपासून होतीस. मी पुण्यातली नोकरी सोडून घरी परत आलेली, म्हणजे अड्याळच्या लोकांच्या मते काहीतरी बिनसून आलेली. स्टाफरूममध्ये मी तुला विचारलं, "मला जरा वेळापत्रक दाखवतेस का?" तू माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलंस. "अड्याळची न तू? मंग 'मले' म्हणायले दात दुखतात काय?" सगळे हसले. मीही हसले, पण कान तापले होते. पुण्यात इतकी वर्षं जीभ सांभाळून बोलले, कोणाला कळू दिलं नाही, आणि तू, लाखांदूरच्या पोरीने, पहिल्या वाक्यात पकडलंस. त्यानंतर आठवडाभर मी तुझ्याशी कामापुरतंच बोलत होते. तू मात्र रोज डबा माझ्यापुढे सरकवत होतीस, जणू काही झालंच नाही.

पॅनलची कल्पना तुझी. मुलं ज्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोग्राम लिहितात ते चूक दाखवतं इंग्रजीत, लाल अक्षरांत. मुलं ते वाचतच नसत. लाल दिसलं की हात वर, "मॅडम, लाल आलं!" दिवसभर आपण दोघी या टेबलावरून त्या टेबलावर लाल पुसत फिरायचो. एक दिवस तू वैतागून म्हणालीस, या लालाचा अर्थ मराठीत सांगणारं एक पॅनल बाजूला लावून देऊ. त्या सॉफ्टवेअरला बाहेरून जोडायचा एक छोटा तुकडा, प्लगइन म्हणतात तो. मी कोड लिहिणार, वाक्यं तू लिहिणार.

तू लिहिलेली वाक्यं पहिल्यांदा वाचली तेव्हा मी कपाळाला हात लावला होता. कंस उघडा राहिला तर पॅनल म्हणणार, "दार उघडं टाकून कोठी चालली वो? लाव आधी." नाव न सांगता एखादी गोष्ट वापरली तर, "जिचं नावच नाई ठेवलं तिले आवाज देऊन राहिली. कोण येईन?" प्रोग्राम गोल गोल फिरत राहिला तर, "घाण्याच्या बैलावानी फिरून राहिली. थांबाचं कवा, ते त ठरव." आणि जिथे काही भरलेलंच नाही तिथून काढायला गेलं तर, "रिकाम्या डब्यात हात घालून राहिली. आधी पाय त, आत काई हाय का."

"हे काय लिहिलंस?" मी विचारलं.

"माही माय असंच बोलते. मले तं असंच समजते."

"अगं पण मुलगेही आहेत वर्गात. त्यांनाही 'राहिली'?"

"त्याइले मायनं कधी लाडानं पोरगी म्हटलं नसन काय?" पोरांनी नंतर तक्रार केलीच, "मॅडम, मले 'चालली' म्हणते हे," आणि पुढच्याच तासाला एकमेकांना "कोठी चालली वो" म्हणून हाका मारायला लागले.

मग माझी ती फजिती. लॅबमधले कंप्युटर जुने होते, जरा भार पडला की दम टाकायचे. पॅनल मुलाने मिटवलेलं असेल तर प्लगइनने मागे उगाच खटपट करू नये, म्हणून पॅनल दिसतं आहे की नाही हे त्याला कळायला हवं होतं. ते काम माझं. मी सोपा मार्ग धरला आणि पॅनललाच विचारलं, तू दिसतंस का? ते म्हणालं, हो. पॅनलचं हे "हो" फक्त त्याच्यापुरतं असतं, मला लपायला कोणी सांगितलेलं नाही एवढाच त्याचा अर्थ. ते ज्या पट्टीत बसलं आहे ती अख्खी पट्टी मिटली, किंवा दुसरा टॅब त्याच्यापुढे येऊन बसला, तरी ते आपलं हो म्हणत राहतं. मला हे माहीत असायला हवं होतं. मी त्या "हो"वर विसंबून नोंदी जमवल्या आणि प्राचार्यांना जाऊन सांगितलं की मुलं तासभर पॅनल उघडं ठेवून बसतात. प्राचार्य इतके खूश झाले की त्यांनी स्वतः चहा सांगितला. तू चहा पीत माझ्याकडे तिरकं बघत होतीस. बाहेर आल्यावर म्हणालीस, "सरिता, पोट्टे तं अजून 'लाल आलं' करूनच राहिले न."

दुसऱ्या दिवशी तू तपासायचे पेपर घेऊन लॅबच्या शेवटच्या रांगेत बसलीस. तिथून सगळ्यांच्या पाठी दिसतात आणि सगळ्यांचे स्क्रीन. पॅनल सगळ्यांचं बंद होतं. लाल आलं की मुलं इकडेतिकडे बघायची, पॅनल उघडायची, भरभर वाचायची आणि मागून कोणाची चाहूल लागली की लगेच मिटवायची. तू येऊन मला हे सांगितलंस, वर तोंडाला पदर लावून हसलीस. "ज्याले विचारलं तोच हो म्हणन, नाई तं काय म्हणन? घरच्या मोठ्या माणसाइले विचाराव लागते न!" तसंच होतं ते. पॅनलला विचारून भागत नाही. ते ज्यात बसलंय त्या पट्टीला, मग ती पट्टी ज्यात बसलीय त्याला, असं थेट वरपर्यंत विचारत जावं लागतं, आणि वाटेत एकाने जरी नाही म्हटलं तर नाही. तशी सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये आयती होती. मी वाचलंच नव्हतं. मी तासाभरात दुरुस्त केलं आणि तू प्राचार्यांना एक अक्षर सांगितलं नाहीस. चहा तं पिऊन झाला, आता काय करतो, म्हणालीस. त्यासाठी मी तुझे आभार कधी मानले नाहीत. आज मानते.

पण मुलं पॅनल झाकत का होती? ते तू करडी गावच्या त्या लाजाळू मुलीला विचारलंस. ती खाली मान घालून म्हणाली, "मॅडम, ते आमच्या घरच्यावानी बोलते न. मांगून कोणी वाचलं तं कसंतरी वाटते."

मी तिथल्या तिथे निकाल दिला. भाषा बदलायची. शुद्ध मराठी करायचं, नाहीतर सरळ इंग्रजी. तू नाही म्हणालीस. आपलं खरं भांडण तेव्हा सुरू झालं आणि ते आजपर्यंत संपलेलं नाही. माझं म्हणणं, ही मुलं उद्या नागपूर-पुण्याला मुलाखती देतील, तिथे त्यांना हसतील, मी ते हसणं ऐकलंय. तुझं म्हणणं, भाषेत खोट नाही, खोट माझ्या कोडमध्ये आहे. कारण ती दुरुस्ती करताना मी वर असंही करून ठेवलं होतं की चूक झाली रे झाली, मिटवलेलं पॅनल आपोआप उघडायचं. म्हणजे मुलगी झाकून बसली आहे आणि आपलं पॅनल चारचौघांत ओरडतंय, कोठी चालली वो! "तिले झाकाचं हाय तं झाकू दे," तू म्हणालीस. "झाकलं तं पॅनलनं गप राहाव. अन् तिनं आपल्या मनानं उघडलं का, मंग राहिलेलं सारं सांगाव. तेवढं करू. बोली नाई बदलाची." आणि तू स्वतःच कोड शिकून ते लिहायला घेतलंस, माझी वाट न बघता.

बसस्टँडवर आपण शेवटचं भांडलो. तू लाखांदूरची बस धरायला उभी होतीस. मी म्हटलं, तू त्यांची लाज कुरवाळतेस, मी ती घालवायचं बघते. तू म्हणालीस, "लाज नाई घालवून राहिली तू. बोली घालवून राहिली." बस आली, लोकांनी रेटारेटी केली, तू पायरीवर पाय ठेवलास आणि वळून म्हणालीस, "तुले कोण पाहून राहिलं वो एवढं?"

मी घरी जाईपर्यंत उत्तरं तयार केली होती. चांगली झोंबणारी होती. दुसऱ्या दिवशी तू आली नाहीस, तिसऱ्या दिवशी कळलं की तुला दवाखान्यात ठेवलंय. आजारी माणसाशी कोणी भांडतं का? भांडण बऱ्या माणसाशी करायचं असतं. मी तुला भेटायला यायचे तेव्हा आपण वर्गाचं, पोरांचं, तुझ्या पलीकडच्या खाटेवरच्या घोरणाऱ्या बाईचं बोलत होतो. मला वाटलं तू बरी होऊन ये, मग दाखवते. तू आलीच नाहीस. आता त्या उत्तरांचं मी काय करू? एकही खरं नव्हतं त्यातलं, हेही आता तुला सांगायला हरकत नाही. पुण्यातसुद्धा मला कोणी एवढं बघत नव्हतं ग. सगळे आपापल्या कामात असत. बघत होते ते मीच.

आता शोकसभेचं.

हॉल भरला होता. पुढच्या रांगेत तुझी आई पांढरं लुगडं नेसून बसली होती. तिने तुझ्या फोटोपुढे मेणबत्ती लावली, मग मी लावली. भाषणं झाली. मग प्राचार्य म्हणाले, वैशाली मॅडमचं काम सरिता मॅडम दाखवतील. माझा लॅपटॉप मोठ्या पडद्याला जोडला. मी एक छोटा प्रोग्राम लिहिला, मुद्दाम चूक केली आणि पडद्यावर हे एवढाल्या अक्षरांत आलं: रिकाम्या डब्यात हात घालून राहिली. आधी पाय त, आत काई हाय का.

हॉलमध्ये हसू फुटलं. वाईट हसणं नव्हतं ते, वैशाली. मुलं तर तुझ्या आठवणीनेच हसली असतील. पण नागपूरहून आलेले पाहुणे प्राचार्यांच्या कानाशी वाकले आणि काहीतरी बोलले. काय बोलले मला ऐकू आलं नाही, मी ऐकायला थांबलेही नाही. माझं बोट आपोआप गेलं आणि पॅनल मिटलं. करडीची ती मुलगी जशी मिटवायची, अगदी तसं. मी म्हटलं, "तर असा हा एक उपयुक्त शैक्षणिक उपक्रम होता," आणि खाली बसले. उपक्रम! तू फोटोतून बघत होतीस आणि मी तुला उपक्रम म्हटलं.

सभा संपल्यावर तुझी आई माझ्याजवळ आली. "कायले झाकलं वो ते? मी वाचूनच राहिली होती. मले येक येक अक्षर लावाव लागते."

"करंट गेला मावशी," मी म्हटलं.

तिने वर बघितलं. डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. "बरं," एवढंच ती म्हणाली आणि चपला शोधायला लागली. मरेस्तोवर तो पंखा मला दिसत राहील.

त्यानंतर मी तुझ्या घरी न जाण्याची बरीच कारणं शोधली. परीक्षा आहेत, बरं वाटत नाही, त्यांच्या दुःखात आपण कशाला. शेवटी परवा बस धरली. धानाची कापणी चालू होती, बसमध्ये विळे घेतलेल्या बाया दाटीवाटीने बसल्या होत्या आणि मी त्यांच्यामध्ये लॅपटॉपची बॅग मांडीवर धरून, काय बोलायचं ते मनात जुळवत होते. पुण्याला मुलाखतीला जाताना जुळवायचे तसंच.

तुझी आई अंगणात होती. मी "जयभीम मावशी" म्हटलं आणि जुळवलेलं सगळं विसरले. "मावशी, त्या दिवशी करंट गेला नव्हता. मीच झाकलं."

"मालूम हाय न. पंखा फिरूनच राहिला होता." तिने मला आत नेलं, पाणी दिलं, मग विचारलं, "कायले झाकलं मंग?"

"लाज वाटली."

"कायची?"

मी बॅगेची चेन चाळवत राहिले. तीच म्हणाली, "आपल्या बोलण्याची?" मी मान हलवली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने नुसता सुस्कारा सोडला आणि कपाटातून तुझा लॅपटॉप काढला. तुझ्याच निळ्या ओढणीत गुंडाळून ठेवला होता. "आता दाखव. तिच्याच मशीनवर दाखव."

मी पॅनल उघडलं, तोच प्रोग्राम लिहिला, तीच चूक केली. तिने स्क्रीनवर बोट ठेवून एकेक अक्षर लावलं. रि-का-म्या ड-ब्या-त. बोट थांबलं.

"हे तं मी म्हणत होती तिले."

"तुमचंच आहे सगळं मावशी. तिने तुमचंच लिहिलंय." मला वाटलं तिला आनंद होईल. मी हौसेने पुढची चूक केली, मग आणखी एक. दार उघडं टाकून कोठी चालली. घाण्याच्या बैलावानी. तिसरं वाक्य वाचता वाचता तिचा चेहरा उतरला आणि तिने पदर तोंडावर घेतला.

"झाक वो ते."

"काय झालं?"

"झाक. सारं रागवणंच हाय. येवढी शिकली माही पोरगी, अन् मायचं काय ठेवलं तिनं आपल्यापाशी, तं हे रागवणं? अन् साऱ्या कॉलेजनं वाचलं?" आता लाज तिला वाटत होती. मी तिला दाखवायला आणलं म्हणून वाटत होती. मुलांना ते आवडतं, त्यांना त्यातून समजतं, असं मी काहीबाही बोलले, पण ते माझ्या पुण्याच्या मराठीतून निघालं आणि सूचनाफलकासारखं ऐकू आलं. ती पुन्हा म्हणाली, झाक. तिला झाकायचं होतं. तुझ्या नियमाप्रमाणे तो तिचा हक्क होता. मी पॅनल मिटवलं.

मग हातांना काही उद्योग हवा म्हणून मी प्रोग्राममधल्या चुका एकेक करून काढत बसले. तुझी आई पाठ फिरवून खिडकीशी उभी होती. मी प्रोग्राम चालवला. लाल आलं नाही.

"सुधरलं का ते?" तिने न वळता विचारलं.

"सुधरलं."

"मंग आता काय म्हणते?"

काही नाही म्हणत, असं मी सांगणार होते. कारण मी लिहिलेल्या प्लगइनमध्ये चूक सुटली की पॅनलचं काम संपलं, ते बंद होऊन जायचं. पण हा तुझा लॅपटॉप होता आणि यात तुझं शेवटचं काम होतं, मी कधी न पाहिलेलं. मी पॅनल उघडलं. तिथे एक ओळ थांबलेली होती. झाकलं होतं तोवर गप राहिलेली. ती वाचून मी नुसता स्क्रीन तिच्याकडे वळवला.

झालं न माय माही? उठ आता, जेवून घे आधी.

तिने पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. पुढची अक्षरं तिला लावावी लागली नाहीत. स्क्रीनकडे न बघताच तिने ते वाक्य पुरं केलं, तुला लाडाने 'माय' म्हणून हाक मारायची त्याच आवाजात. "रोज म्हणत होती मी हे तिले," ती म्हणाली. "अभ्यास करत बसे न, भानच नाई राहे तिले जेवणाचं. रोज म्हणत होती." मग ती खिडकीकडे तोंड करून खूप रडली, वैशाली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. तुझ्या सभेत ती रडली नव्हती.

रडून झाल्यावर तिने तोंड धुतलं आणि ती आत गेली. ताटांचा आवाज आला. दारात शेजारच्या दोघी कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कोण जाणे, स्क्रीनकडे बघून एकमेकींना वाचून दाखवत होत्या, हसत होत्या, "पाय वो, आपल्यावानीच लिहिलं." माझं बोट पॅनल मिटवायच्या बटणावर गेलं होतं. मी ते काढून घेतलं.

आतून हाक आली. "सरिता, उठ वो. जेवून घे आधी."

"आली वो माय, आली," मी त्या दोघींच्या देखत ओरडले, आणि उठले.